चार रात्रींचा प्रवासी

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून निघालं की साधारण तासाभरात मॅनिंगट्री स्टेशन येतं. तिथून स्टाउर नदीच्या काठाकाठाने, गाईंना वाट देत चालत गेलं की फ्लॅटफर्ड. चित्रकार जॉन कॉन्स्टेबलच्या वडिलांची इथे पाणचक्की होती. चक्की अजून उभी आहे, शेजारचं पाणी आहे आणि पाण्यापलीकडे विली लॉट या शेतकऱ्याचं घरही.

काठावर कायम थोडी गर्दी असते. प्रत्येकाच्या फोनवर कॉन्स्टेबलचं याच जागेचं 'द हे वेन' हे चित्र. फोन वर-खाली करत, एक पाऊल मागे, दोन डावीकडे सरकत मंडळी जागा जुळवतात. स्थळ पाहायला गेलेले लोक आधी आलेला फोटो आणि समोरचा माणूस ताडून पाहतात, अगदी तसंच. "झाडं फार वाढलीत," कुणीतरी नापसंतीने म्हणतं. चित्र 1821 सालचं. तेवढ्यात झाडांनी वाढू नये की काय! शिवाय ते इथे बसून काढलेलंच नाही. इथल्या अभ्यासचित्रांवरून कॉन्स्टेबलने ते लंडनच्या स्टुडिओत रंगवलं.

मला त्यातली पाण्यात उभी असलेली गाडी आवडते. ती तिथे का थांबली यावर जाणकार बरंच बोलतात. एक मत असं, की उन्हाने चाकाचं लाकूड आकसतं, धाव सैल होते, म्हणून चाकं भिजवून घ्यायची. आपल्या बैलगाडीवाल्याने हे एका वाक्यात सांगून विडी पेटवली असती.

लंडनच्या प्रदर्शनात हे चित्र विकलं गेलं नाही. पुढे पॅरिसला गेलं आणि 1824 मध्ये तिथे त्याला सुवर्णपदक मिळालं. चित्रकार मात्र गेला नाही. त्याने आयुष्यात इंग्लंड सोडलंच नाही. पण या बाबतीत विली लॉट त्याचाही गुरू. हा शेतकरी ऐंशीहून अधिक वर्षं जगला आणि त्यात घराबाहेर काढल्या एकूण चार रात्री, असं सांगतात. त्याचं घर पाहायला लोक विमानं बदलून येतात. त्यांत मीही.

नदीपलीकडे एसेक्समधलं डेडम. कॉन्स्टेबल इथे शाळेत यायचा. इथल्या चर्चचा मनोरा त्याने इतक्या चित्रांत घातला आहे, की प्रत्यक्ष पाहताना ओळखीचा माणूस भेटल्यासारखं आपण मान हलवतो. बाकी डेडममध्ये चहा आणि स्कोन, आणि त्याबद्दल तक्रार नाही.

परत नदीअलीकडे, सफकच्या हद्दीत, चढावर ईस्ट बर्गहोल्ट हे त्याचं जन्मगाव. इथल्या धर्मगुरूंची नात मारिया त्याला आवडली. मुलगा काय करतो? चित्रं काढतो. आजोबा बिथरले. वर्षानुवर्षं चिठ्ठ्या-चपाट्या चालल्या आणि लग्न झालं 1816 मध्ये, नवरदेव चाळिशीचा असताना.

त्याच आजोबांच्या चर्चचा मनोरा अर्धवट आहे. मनोऱ्याला मदत करणाऱ्या कार्डिनल वुल्झीची सत्ता गेली आणि पैसा आटला, अशी तिथली आख्यायिका. मग 1531 मध्ये आवारातच लाकडी पिंजरा उभारून पाचही घंटा त्यात ठेवल्या, मनोरा होईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून. ती अजून चालू आहे. घंटांना दोर नाहीत. माणसं शेजारी उभी राहून हातांनी ढकलून त्या वाजवतात. एकूण वजन चार टनांच्या वर. मनोरा पूर्ण झाला असता तर वर जिनेही चढावे लागले असते.