कवरत्तीला पाणी कितव्या दिवशी येतं?

बदलीचा हुकूम हातात पडला, तेव्हा कवरत्ती नेमकी कुठं आहे हे आमच्या गल्लीत कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. लातूरकराला नकाशाशी देणंघेणं नसतं. गल्लीतल्या तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एवढंच विचारलं, "पाणी कितव्या दिवशी येतंय तिथं?"

यात तात्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. लातुरात भाड्याची खोली बघताना हाच प्रश्न आधी येतो आणि सोयरीक बघतानाही हाच. मुलाचा पगार नंतर. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं, पाण्याच्या टाक्यांभोवती 144 कलम लागलं आणि एप्रिलात मिरजेहून पाणी भरून रेल्वे आली. नाव 'जलदूत'. पहिल्या गाडीला 10 वाघिणी, एकेकीत 50 हजार लिटर. तात्या तिच्यापुढं फोडायला नारळ घेऊन गेले होते, पण गर्दीत गाडीपर्यंत पोचताच आलं नाही. त्या नारळाची चटणी झाली.

"तात्या, ते बेट आहे. लक्षद्वीपची राजधानी. चारी बाजूंनी पाणीच पाणी."

"चारी बाजूंनी?" तात्या खरोखर काळजीत पडले. "मग टँकरवाल्यांचं कसं चालतं?"

बायको नांदेडची. नांदेडचा माणूस लातूरच्या माणसाशी बोलतो तो गोदावरीच्या घाटावर उभा राहून, मग तो आमच्या बैठकीत बसलेला का असेना. 2016 च्या मे महिन्यात सासरेबुवा आंब्याची पेटी आणायचे ते पाण्याचे कॅन घेऊन आले होते आणि जाताना रिकामे कॅन मोजून परत घेऊन गेले. बदलीची बातमी मात्र त्यांनी उदारपणे घेतली. "गोदावरी शेवटी समुद्रालाच मिळते. म्हणजे पोरगी माहेरच्याच पाण्यात चालली की!" मी म्हणालो, गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते, लक्षद्वीप अरबी समुद्रात आहे. हा जावयाचा उद्धटपणा म्हणून घरात अजून नोंदलेला आहे.

खरा विरोध झाला तो समोरच्या क्लासवाल्या सरांचा. त्यांना आमच्यावर दया येत होती. "अहो, सगळ्या महाराष्ट्रातून लोकं लेकरं घेऊन लातूरला येलालेत, अन् तुम्ही लेकरं घेऊन लातूर सोडलालाव?" लातूर पॅटर्नच्या माहेरघरातून मुलगी आठवीत आणि मुलगा पाचवीत असताना निघून जाणं म्हणजे पंढरपुरात राहून आषाढीला गावाला जाण्यातला प्रकार. मी 2011 ची जनगणना पुढं केली: लक्षद्वीपची साक्षरता जवळपास 92 टक्के, महाराष्ट्राची 82. सरांनी ती एका वाक्यात निकालात काढली. "साक्षरता वेगळी, कट-ऑफ वेगळा."

सामानात वाद झाला तो टिपाडावरून. दोनशे लिटरचं निळं टिपाड आईला न्यायचंच होतं. बेटावर टिपाड कशाला, असं मी विचारलं. आई म्हणाली, "टिपाड नसलेल्या घरात मी राहत नसते." हा तिचा गेल्या दहा वर्षांतला एकमेव राजकीय विचार. शेवटी त्यात ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी कोंबली, वर झाकण आणि झाकणावर खडूनं आमचं आडनाव. सिकंदराबादहून शबरी एक्स्प्रेसनं एर्नाकुलमपर्यंत त्या टिपाडाला जेवढ्या लोकांनी विचारलं, तेवढं मला आयुष्यात कुणी विचारलेलं नाही. कोचीच्या बंदरावर तपासणीवाल्यानं झाकण उघडलं, आत नाक घातलं, शिंकला आणि हात जोडून आम्हाला पुढं जा म्हणाला.

कोची ते कवरत्ती 404 किलोमीटर. एवढ्यात मिरजेहून पाणी लातूरला येऊन वर थोडं औशापर्यंत सांडेल. पण जूनचा समुद्र रुळांवरून जात नाही. जहाज सुटल्यावर तासाभरात बायको आडवी, मुलं आडवी, मी तिरका. आई तेवढी ताठ बसून हरिपाठ म्हणत होती. एसटीच्या मागच्या बाकावर बसून औराद शहाजानीला जन्मभर जा-ये केलेल्या बाईला अरबी समुद्र काय करणार?

सकाळी बेट दिसलं. बाहेर काळं-निळं पाणी, मग प्रवाळाच्या कड्यावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ आणि आत हिरवंगार सरोवर. आम्ही सगळे गप्प झालो. आईनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "एवढं पाणी, अन् ह्याला एक कालवा काढला नाही? आमदार कोण हाय इथला?"

लक्षद्वीपला विधानसभाच नाही, अख्ख्या 36 बेटांना मिळून एक खासदार आहे, असं मी सांगितलं. "मग बरोबर हाय," आई म्हणाली.

जहाज कड्याबाहेर उभं राहतं. बाजूचं दार उघडतं, खाली होडी वरखाली होत असते आणि ती वर आली की आपण उडी टाकायची. खलाशी दंडाला धरून माणूस अलगद उचलतात. ते तुमचं मत विचारत नाहीत. आधी टिपाड उतरलं, मोठ्या मानानं, मग आम्ही. आईनं फक्त एवढं विचारलं की सुट्टे पैसे आधी द्यायचे का नंतर.

बेट जेमतेम चार चौरस किलोमीटर. कुठंही उभं राहिलं तरी थोडं चाललं की जमीन संपते. कुत्रं एकही नाही, त्यामुळं रात्री उशिरा घरी येताना हातात दगड घ्यायची लातुरी सवय आपोआप सुटते. आणि पाणी? तात्यांचा फोन पहिल्याच संध्याकाळी आला, आणि उत्तर फोनवर सांगण्याएवढं सोपं नव्हतं.

प्रवाळाच्या बेटाखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. पातळसा थर. हावरेपणानं पंप लावला की खालचं खारं वर येतं आणि विहीर बिघडते. लातुरात बोअर आठशे फूट गेलं की पाण्याऐवजी धूळ येते आणि मालक आणखी शंभर फूट मारायला सांगतो. इथं पाणी हाताशी आहे, पण पोहऱ्यानं आणि अदबीनं घ्यायचं. शिवाय 2005 पासून समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना आहे, चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेनं उभारलेला. वरचं कोमट पाणी निर्वातात उकळवायचं, साडेतीनशे मीटर खोलवरून ओढलेल्या गार पाण्यानं त्या वाफेचं पुन्हा पाणी करायचं. क्षमता दिवसाला एक लाख लिटर. तात्यांनी पलीकडे हिशेब केला. "म्हणजे पाच दिवसाला एक जलदूत." थोडं थांबून म्हणाले, "अन् रूळ न टाकता!"

तरी सवय जात नाही. नळाला पाणी दिसलं की बायको टिपाड, बादल्या, कुकर, डबे, शेवटी मुलाची पाण्याची बाटलीसुद्धा भरून ठेवायची. शेजारीणबाईंनी खुणेनं विचारलं, घरात लग्न आहे का? पण पहिला मोठा पाऊस आला (इथं तो लातूरच्या जवळजवळ दुप्पट पडतो), आई पदर खोचून पागोळ्यांखाली पातेली मांडायला धावली आणि बघते तो कुंपणापलीकडे शेजारीणबाईही तेच करत होत्या. दोघींनी एकमेकींची पातेली पाहिली. त्या दिवसापासून दोघींचं मेतकूट जमलंय. शेजारीणबाई जेसरी बोलतात, आई लातूरचं मराठी मोठ्यानं बोलते. दोघींना सगळं समजतं. माझी निजामी हिंदी, जिच्यावर मी हैदराबादेत रिक्षावाल्यांना जिंकलं होतं, ती इथं कुणाच्या कानात शिरत नाही.

अडचण जेवणाची. आई माळकरी, आणि बेटाच्या स्वयंपाकघरात टूना मासा आपल्या तुरीच्या वरणाइतका घरचा. भाज्या सगळ्या जहाजानं येतात. पावसाळ्यात लहान गलबतं बंद, म्हणजे कोबीचा भाव विचारायच्या आधी खाली बसावं. जहाज येणार म्हटलं की गाव बंदराकडे बघत राहतं. ही नजर मला ओळखीची होती. मी ती लातूरच्या स्टेशनावर पाहिलेली आहे. शेजारीणबाई नारळाचा गूळ आणि केळीच्या वाळक्या पानात बांधलेला द्वीप-उंडा पाठवतात, तेवढ्यावर आईची एकादशी पार पडते.

पाहुण्यांचा त्रास मात्र संपला. लातुरात दार वाजलं की चहा टाकायचा. इथं बाहेरच्या पाहुण्याला आधी परमिट काढावं लागतं. सासरेबुवांना हा नियम अजून जावयानंच केलेला वाटतो.

मार्गशीर्षात आईनं जाहीर केलं, येळवस, म्हणजे आमच्याकडची शेतातली वेळ अमावास्या, करायची. शेत नाही, कडबा नाही. कोप नारळाच्या झावळ्यांची उभारली. पाच पांडवांसाठी आईनं किनाऱ्यावरून पाच पांढरे दगड निवडून आणले, ते शेजारच्या पोरानं धावत येऊन ठेवायला लावले. ते प्रवाळ होते, आणि वन्यजीव कायद्यानं प्रवाळाला वाघाच्या पंगतीला बसवलंय. पांडवांना वनवास चालतो, तुरुंग नको. मग पाच नारळांना चुना लावून पांडव केले. भज्जीत वाटाणा आणि हरभरा पडला तो वाळका, भिजवलेला. ताक दुधाच्या भुकटीचं. टिपाडातलं शेवटचं ज्वारीचं पीठ आंबिलीत गेलं, आणि रिकाम्या झालेल्या टिपाडात बायकोनं लगेच पाणी भरलं.

शेजारीणबाईंचं सगळं घर आलं. आमचं ऑफिसही आलं, कारण साहेबांना 'लोकल फेस्टिव्हल' बघायचा होता आणि तो कुठल्या गावचा लोकल, हे मी सांगत बसलो नाही. साहेब दिल्लीकडचे, लस्सीचे जाणकार. आंबिलीचा पहिला लोटा त्यांनी शंकेनं घेतला, दुसरा आपणहून, तिसरा मागून. आंबील अंगावर कशी येते हे ज्यानं लातूरच्या शिवारात झाडाखाली दुपार काढलीय त्यालाच ठाऊक. तीन वाजता कोचीला निघणाऱ्या टपालावर साहेबांची सही हवी होती, आणि साहेब झावळ्यांच्या कोपीत युधिष्ठिराला उशाला घेऊन घोरत होते. मी फाइल घेऊन पुढं झालो, तर आईनं हात धरला.

"उठवू नको त्यांना. येळवशीला कुणी कचेरी उघडतंय व्हय?"