ऊर्ध्वगामी फळी

निवृत्त माणसाने गीता वाचावी, गुडघ्यांना तेल लावावे आणि नातवंडांना सांभाळावे, हा देवगाव फाट्यावरील सर्वमान्य शिरस्ता असताना मी गिटार घडविण्याचे मनावर घेतले, यामागे संगीतप्रेमापेक्षा शिरस्ता मोडण्याची हौसच अधिक प्रबळ असावी, असा मला दाट संशय आहे. तहसिलीत ज्याने उभी हयात दुसऱ्यांच्या अर्जांवर 'सादर' एवढाच शेरा मारला, त्याला पंचक्रोशीत कोणालाही न कळणारी एखादी विद्या आपणांस अवगत असावी, अशी लालसा उतारवयात सुटते. गिटार वाजविता येणे हा त्या लालसेचा भाग नव्हे. ते काय, कोणीही शिकतो.

विद्येचे मर्म तबलीत आहे. (ज्यांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते मिरजेचे कारागीर वाद्याच्या दर्शनी फळीला तबली म्हणतात, मीही तो शब्द दडपून वापरतो, म्हणजे बोलण्याला घराण्याचा दर्प येतो.) गिटारीची तबली जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची, आणि पोलादी तारा तिला एकूण सत्तर किलोंच्या आसपास ताणाने ओढणार; तेव्हा तिला आतून लाकडी पट्ट्यांचा आधार चिकटवावा लागतो. आता सुताराचा शिकंजा काठावर उत्तम चावतो, परंतु तबलीच्या मध्यापर्यंत त्याचा जबडा पोहोचत नाही. यावर तोड अशी, की खाली पाट ठेवावा, वर फळी असावी, आणि दोहोंमधील अंतराहून किंचित लांब अशा बांबूच्या कामट्या वाकवून मध्ये अडकवाव्यात. सरळ होऊ पाहणारी प्रत्येक कामटी सरस वाळेपर्यंत पट्टीला इमानेइतबारे दाबून धरते.

येथे लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाचा संबंध येतो, आणि तो आला नसता तरी मी ओढूनताणून आणला असता. उभा दांडा किती भाराला वाकतो, याचे सूत्र त्याने १७४४ साली प्रसिद्ध केले. त्यातील मौज ही, की कामटी एकदा वाकली, की आणखी थोडी वाकविल्याने तिचा जोर फारसा वाढत नाही. लांबी निम्मी केली तर जोर चौपट. चौकोनी कामटीची जाडी दुप्पट केली तर सोळापट. पाच मिलिमीटर जाडीची दोन फुटी कामटी सुमारे दोन किलोंचा दाब देते. म्हणजे चोवीस कामट्यांचा मिळून पन्नास किलोंच्या घरात. आणि न्यूटनसाहेबांच्या हुकुमान्वये तितकाच जोर वरच्या फळीला वर ढकलतो.

आमच्या घरची फळी, जशी तुमच्याही घरची, लोखंडी अँगलांवर नुसती टेकलेली. वरचा भार सोसणे हे तिचे वंशपरंपरागत वतन. खालून कोणी ढकलील, ही शक्यता तिच्या सनदेत नमूद नाही. ही गोष्ट मी एकही कामटी लावण्यापूर्वी ताडली आणि तीवर आकृत्यांसह सविस्तर टिपणी तयार केली. सौभाग्यवतींनी ती वाचण्यास नकार देऊन, "फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या तेवढ्या हलवू नका," असा अभिप्राय दिला. तो शास्त्रदृष्ट्या बिनतोड असल्याने मी त्याची नोंद घेतली नाही.

मग मेस्त्रींना पाचारण करून टिपणी वाचून दाखविली. ऑयलरपर्यंत त्यांनी धीर धरला, आणि मग फळीला खालून तळहाताचा एक टोला दिला. फळी उचलली गेली, बरण्या किणकिणल्या.

"भाऊसाहेब, ही पडू नये म्हणून बसवलीय, उडू नये म्हणून न्हाई. खालचा पाट अन् वरची फळी चार कोपऱ्यांत आट्याच्या गजांनी एकमेकांला बांधा. मंग त्यांचं काय भांडण व्हायचं ते आपसात होईल, भिंतीला तरास न्हाई."

टिपणीच्या अखेरच्या पानावर नेमके हेच होते.

मेस्त्रींचे वडील बैलगाडीची चाके बांधीत, तेव्हा येथे मला धावेविषयी बोलणे भाग आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी खुशाल सेलूची गाडी पकडावी. बैलगाडीच्या चाकात मध्ये तुंबा, तुंब्यात आरे, आऱ्यांच्या टोकांवर पाटे. आणि हा सगळा बाभळीचा संसार आवळून धरायला भोवती धाव, म्हणजे लोखंडी पट्टीचे कडे. ते चाकाहून मुद्दाम तोकडे करायचे आणि गोवऱ्यांच्या जाळात लाल होईतो तापवायचे. पाच फुटी कडे पाचशे अंशांनी तापले, की परिघात इंचभर वाढते. त्या इंचाच्या मुदतीत तिघाचौघांनी ते सांडशांनी उचलून चाकावर उतरवायचे आणि वरून घागरी रिचवायच्या. वाफेचा लोट, करपलेल्या लाकडाचा वास, आणि त्या गदारोळात एकेक सांधा करकरत आत ओढला जाई. सर्व बाजूंनी सारखा आणि वर्षानुवर्षे टिकणारा असा दाब माझ्या कोणत्याही शिकंज्याच्या आवाक्यातला नव्हे. कडे फार तोकडे ठेवले तर चाक पिळवटते. कमी तोकडे ठेवले तर उन्हाळ्यात लाकूड आटून धाव निसटते. या दोहोंमधला नेमका इंच मेस्त्रींचे वडील दोरीने मोजीत.

आणि त्याचा मोबदला निजामाच्या अमलात, म्हणजे सप्टेंबर १९४८ पर्यंत, आणि पुढेही काही काळ, खळ्यावर बलुत्याच्या ज्वारीत मिळे. जमीन कोणाची, पीक कोणते, आकार किती, हे सारे सरकारने रकान्यांत लिहून घेतले, त्यातले पुष्कळसे माझ्याच हस्ताक्षरात आहे. परंतु कोणाच्या दोरीत कोणता हिशेब आहे, याचा रकाना कोणत्याही नमुन्यात नव्हता, आणि तो असावा असे वरून खालपर्यंत एकाही हुद्देदाराला वाटले नाही, याची मला आज मनस्वी चीड येते. रबरी टायर आले, धाव गेली. मेस्त्री आता प्लायवुडची कपाटे करतात.

गज आवळून झाल्यावर त्यांनी एक कामटी उचलून वाकवून पाहिली.

"ते ऑयलर कुठले म्हणायचे?"

"स्वित्झर्लंडचे."

"तिकडं गाड्या असत्याल का, चाकाच्या?"

असणारच, मी म्हणालो, आणि चाकांना धावही असणार, अशी पुस्ती जोडली.

"मंग बरोबर आसंल त्यांचं," असे म्हणून त्यांनी मजुरी मोजून घेतली. आणि पावणेतीनशे वर्षे विचाराधीन असलेले ऑयलरचे प्रकरण देवगाव फाट्यावर निकाली निघाले.