काचेच्या तालुक्याचे रावसाहेब

ज्या बीड शहरात नळाला पाणी आल्याची वार्ता मुलगा झाल्याच्या वार्तेहून अधिक त्वरेने गल्लीभर पसरते, आणि उन्हाळ्यात टँकरच्या खेपेवरून सख्ख्या भावांचे बोलणे बंद होते, त्या शहरात महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या गृहस्थास दिवाणखान्यात दोन फूट लांबीची काचेची पेटी भरून तीत मासे सोडण्याची इच्छा का व्हावी, याचे कारण जलशास्त्रात सापडत नाही, ते स्वभावशास्त्रात शोधावे लागते. अशा गृहस्थास सारी गल्ली रावसाहेब म्हणते. दफ्तर गेले, शिपाई गेला, दौऱ्याची जीप गेली. बंदोबस्ताची हौस मात्र मागे उरली, आणि तिला रयत हवी होती.

रयतेची पहिली भरती वास्तुशास्त्राच्या शिफारशीने होते: आठ गोल्डफिश सोनेरी, एक काळा. गोल्डफिश हा थंड पाण्यातला, खादाड आणि त्या मानाने फार घाण करणारा जीव आहे, साठ-पासष्ट लिटरांत असे नऊ इसम नांदत नाहीत, आणि बीडचा मे महिना त्यांच्या प्रकृतीस मानवणारा नाही, या बाबी दुकानदार सांगत नाही व रावसाहेब विचारीत नाहीत. शोभेसाठी निऑन टेट्रा, रुबाबासाठी एंजल आणि चपळाईसाठी टायगर बार्ब अशी पुरवणी यादीही त्याच दिवशी मंजूर होते.

बोअरचे पाणी जड. साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या काठाला पांढरा थर धरतो. म्हणून पेटीसाठी वीस लिटरचे जार येऊ लागतात. क्षारच काढून टाकलेल्या त्या पाण्याची आम्लता सहज ढळते, हे कोणाच्या ध्यानी येत नाही. काकू एवढेच म्हणतात, "माणसं बोअरचं पितेत आन् मासे जारचं; तरी बी मरायलेतच."

मरतात ते पाण्याच्या नितळपणावर विसंबल्यामुळे. माशांच्या मलातून व उरलेल्या खाद्यातून निर्माण होणारा अमोनिया डोळ्यांस दिसत नाही; त्याचे नायट्राइट करणारे जीवाणू एक, त्या नायट्राइटचे पुष्कळ निरुपद्रवी असे नायट्रेट करणारे दुसरे, आणि या दोहोंचा जम नव्या पेटीत बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. ज्याने सारी हयात वारसाच्या नोंदीसाठी आलेल्या म्हाताऱ्यांना "पुढच्या सोमवारी या" असे शांतपणे सांगितले, त्याच्याच्याने ही सहा आठवड्यांची मुदत निघत नाही! दर रविवारी ते पेटी रिकामी करतात, वाळू घासतात, स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली पिळतात, आणि त्या अदृश्य कर्मचाऱ्यांना रुजू होण्यापूर्वीच बडतर्फ करतात. चौथा हिस्सा पाणी तेवढे बदलावे, नळाचे असल्यास रात्रभर उघडे ठेवून मग घालावे, असे कोणी सुचविलेच तर उत्तर ठरलेले: "कंकालेश्वराचं देऊळ शतकानुशतकं कुंडात उभं आहे, तिथं कोण पाणी बदलतं?" तिथे साफसफाईही कोणी दर रविवारी करीत नाही, हे बोलण्याचे धाडस मला झाले नाही.

गोल्डफिश संपले, मग निऑन गळू लागले. रोज सकाळी हजेरीपटावर एकेक कमी, आणि प्रेत मात्र नाही. रावसाहेबांनी रीतसर पंचनामा केला, मोलकरणीची जबानी घेतली, मांजरावर संशय धरला. एंजल रात्री त्यांना गिळतो हे उघडकीस आले तेव्हा त्याचे स्वतःचे लांब पर टायगर बार्बांनी कुरतडून अर्धे केले होते. एका जातीने दुसरीस खावे आणि तिसरीने खाणाऱ्याची वस्त्रे फाडावीत, असा मामला कोणत्याही कलमात बसेना. शेवटी दोन्ही पक्षांना दुकानात हद्दपार करण्यात आले.

याच सुमारास हिवताप विभागाचा कर्मचारी गल्लीत आला आणि डासांच्या अळ्या खाण्यासाठी अंगणातल्या हौदात मूठभर गप्पी मासे सोडून गेला. काकूंनी त्यांतले चार चहाच्या गाळणीने उचलून रिकाम्या पेटीत टाकले, वर बोअरचे पाणी ओतले आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. गप्पींना जड पाणीच मानवते. ते अंडी घालीत नाहीत, महिन्याभरात जिवंत पिलांनाच जन्म देतात. आणि रविवारची मोहीम काकूंनी तहकूब करविली असल्याने जीवाणूंनाही अखेर आपल्या जागी कायम होता आले. वीज गेली, हवेची मोटर थांबली, तरी ही फुकटची सरकारी प्रजा पृष्ठभागाशी तोंड लावून तग धरते.

रावसाहेबांनी आता जन्ममृत्यूची वही घातली आहे. तीत मृत्यूचा रकाना जवळजवळ कोरा आहे आणि जन्माचा रकाना पुरत नाही. परिणामी लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या पाहुण्यालाही पाच गप्पींची पिशवी घेतल्यावाचून उंबरा ओलांडता येत नाही. आणि पिशवी हातात पडण्यापूर्वी त्याला वहीत, मासे सुस्थितीत मिळाल्याबद्दल, तारखेसह पोहोच लिहून द्यावी लागते.