मूळचे पार्ल्याचे

मुंबईच्या कोणत्या उपनगरात मोठ्या माणसांचं पीक जास्त आलं, याची खानेसुमारी अजून झालेली नाही. विलेपार्ले पूर्वेला तिची गरजही वाटत नाही, कारण तिथल्या कट्ट्यावर निकाल केव्हाच लागलेला आहे. पार्लेकराला यादी तोंडपाठ असते. तीत नाव चढायला जन्म पार्ल्यातला असला तर उत्तम, शाळा असली तरी चालते, आणि नुसता मामा राहत असला तर विचार करता येतो.

पहिला मान अर्थात पुलंचा. आता पु. ल. देशपांडे जन्मले १९१९ साली गावदेवीत, लहानपणीची काही वर्षं गेली जोगेश्वरीला आणि २००० साली ते गेले पुण्यात. मधल्या काळात ते पार्ले टिळक विद्यालयात शिकले. एवढ्या कागदपत्रांवर पार्ल्याने कायमचा ताबा घेतला आहे. पुण्याला हा ताबा मान्य नाही, बेळगावलाही तिथल्या कॉलेजातली त्यांची मास्तरकी आठवते. स्वतः पुलंनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांची यथेच्छ हजेरी घेतली. पार्लेकरासाठी त्यात वेगळं खातं उघडलं नाही. हा विषय कट्ट्यावर काढायचा नसतो.

दुसरं नाव विजय तेंडुलकरांचं. ते पार्ल्यात खरोखरच राहिले, त्यामुळे इथे पुराव्याची अडचण नाही. अडचण नाटकांची आहे. ‘गिधाडे’, ‘सखाराम बाइंडर’ आली तेव्हा सभ्य मराठी घरांनी नाकं मुरडली होती. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली ती अभिरूप न्यायालयातली मंडळी तर कुठल्याही उपनगरातल्या मंडळाच्या कार्यकारिणीत सहज खपली असती. आता मात्र ‘आमचे तेंडुलकर’ म्हणताना आवाज चढतो. नाटकात आपण कुठल्या पात्रात आहोत, ते विचारू नये.

माधुरी दीक्षितचा दाखला जरा नाजूक. घर अंधेरीचं, शाळा अंधेरीची. पण कॉलेज पार्ल्याचं, म्हणजे आजचं साठ्ये. ते तिने सिनेमासाठी अर्धवट सोडलं. दुसऱ्या कुणी सोडलं असतं तर पार्ल्यात त्याच्या पालकांना चार ठिकाणी उत्तरं द्यावी लागली असती.

अमिताभ बच्चन यांच्या बंगल्यांच्या पत्त्यातही विलेपार्ले आहे. ‘जेव्हीपीडी’ ही अक्षरं जुहू-विलेपार्ले विकास योजनेचीच. पण ती वस्ती रुळांच्या पलीकडची. पूर्वेचा पार्लेकर त्यांना पाहुणे सदस्य म्हणून धरतो; मतदानाचा हक्क नाही.

गंमत अशी, की जगभर गाजलेला खरा पार्लेकर माणूस नाहीच. १९२९ साली चौहान कुटुंबाने इथे कारखाना काढला, त्याला गावाचं नाव दिलं, आणि पुढे बिस्किटाने ते नाव खेडोपाडी चहाच्या कपात बुडवलं. लोकलच्या गर्दीत स्टेशनचा फलक दिसला नाही तरी भाजलेल्या बिस्किटांचा वास आला, की उतरणारे दाराकडे सरकायचे. पुड्यावरची मुलगी नक्की कुणाची, यावर वर्षानुवर्षं पैजा लागल्या. ते चित्रकाराने काढलेलं चित्र आहे, असं कंपनीने सांगितलं. तेव्हा तिचाही मामा शोधायची सोय उरली नाही. २०१६ साली कारखाना बंद पडला.

यादीत कोण नाही, तेही बघण्यासारखं आहे. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची मोठी छावणी पार्ल्यात होती. जमनालाल बजाज इथूनच तुरुंगात गेले. पण ते पडले वर्ध्याचे! टिळकांच्या निधनानंतर वर्षभरात, १९२१ साली, ज्यांनी शाळा उभी केली आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ काढला, त्यांची नावं विचारा. कट्टा एकमेकांकडे बघतो. संस्था सगळ्यांना माहीत आहे, वाचनालयाची वर्गणीही वेळेवर भरली जाते. पण ज्यांनी सगळं पार्ल्यातच केलं त्यांना प्रसिद्ध कोण म्हणणार? बाहेर जाऊन नाव काढायचं, हा यादीचा अलिखित नियम.

नियम पाळणं आता सोपं झालं आहे. देशांतर्गत विमानतळ पार्ल्याच्या अंगणात, नाव मात्र वर्षानुवर्षं सांताक्रूझचं. आणि त्याच विमानतळापायी पार्ल्याच्या इमारतींची उंची बांधलेली. विमानांच्या वाटेखाली येणाऱ्या ‘फनेल झोन’मधल्या जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास रखडतो. बिल्डर येतो, वरचे मजले मोजतो, चहा पिऊन जातो. मुलं तोवर ठाण्याला फ्लॅट घेतात. त्यांच्यातलं कुणी उद्या नाव काढलंच, तर पार्लेकर शाळेचा दाखला घेऊन धावेल. पण ठाण्याच्या कट्ट्याने तोवर सत्काराची तारीखही ठरवलेली असेल.