पहिल्याची सर न्हाई

हा इसम तुमच्या ओळखीचा आहे. वय पस्तिशीच्या आगेमागे, साताऱ्यात पोवई नाक्यावर नाहीतर सांगलीत विश्रामबागेत चहाच्या टपरीला टेकलेला आणि तोंडात एकच वाक्य: 'पहिल्याची सर न्हाई.' कंदी पेढा द्या, पहिल्याची सर न्हाई. भडंग द्या, न्हाई. रस्ता नवा झाला तर पहिल्या खड्ड्यांची सर न्हाई. पण हे सगळे तोंडी लावणे. त्याचे खरे दुःख 'ड्रॅगन बॉल झी'नंतर आलेली 'ड्रॅगन बॉल जीटी'. ६४ भागांची ही जपानी मारामारीची मालिका १९९७ साली संपली. हा अजून तिचे सुतक पाळतो आहे. लग्नाच्या पंगतीत जिलबीचे ताट पुढे आले, तरी त्याचे बोट जीटीच्या जखमेवरच असते.

त्याचा निकाल चुकीचा नाही, हे आधीच कबूल करू. जीटीची गोष्ट खरेच रेंगाळते, आणि एका नायक गोकूशिवाय बाकीचे लढवय्ये आखाड्याबाहेर टॉवेल धरून उभे असल्यासारखे दिसतात. गफलत आहे ती त्याच्या कारणांत. तो म्हणतो, मूळ चित्रकार अकिरा तोरियामाची ती कथा नव्हती, म्हणून माती झाली. वर गोकूला पुन्हा पोर करून ठेवले. मग याच घराण्यातली २०२४ची 'दाइमा' घ्या. तिची कथा खुद्द तोरियामाची, आणि तिच्यातही गोकू पोरच होतो. यावर इसमाचा अभिप्राय काय? सांगायला हवा का?

आता पहिलीचे गुण तपासू. झी २९१ भागांची. तिच्यात खलनायक फ्रीझा सांगतो की पाच मिनिटांत ग्रह फुटणार, आणि ती पाच मिनिटे जवळपास दहा भाग पुरतात. एसटीसुद्धा इतका उशीर करत नाही. मग ती थोर का वाटली? कारण ती अर्धीच पाहिली गेली. कार्टून नेटवर्कवर गोकू दोन्ही हात वर करून ताकदीचा गोळा जमवू लागला की नेमकी लाइट जायची. लोडशेडिंगने खाल्लेले भाग पोरांनी दुसऱ्या दिवशी शाळेत एकमेकांना सांगून पुरे केले, आणि पोरांच्या तोंडची मारामारी कुठल्याही स्टुडिओला कधी जमलेली नाही. जीटी मात्र त्याने मोठेपणी, मोबाइलवर, सलग पाहिली. तिला अंधाराची मदत मिळाली नाही.

कोणी म्हणेल, हा मोबाइलवाल्या पिढीचा चोचला आहे. तसे नाही. कुंडलच्या मैदानात फेटा बांधून बसलेला त्याचा बापही हेच म्हणतो: मातीतली कुस्ती ती कुस्ती, मॅटवरचीला पहिल्याची सर न्हाई. या बापलेकांना गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची आठवण द्यावी. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला मातीतला हा पैलवान मॅटवर उतरला आणि सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला त्याच मॅटवर त्याने कांस्यपदक घेतले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. म्हणजे सातारा जिल्ह्याची सगळ्यात मोठी कुस्ती हा दुसरा भाग होता! आणि २०२३ साली महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीत भरली, तीही सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. या कुस्तीला नावे ठेवायला बापलेकांकडे पहिला भागच नव्हता; दोघांची मोठी पंचाईत झाली असणार.

तरीही या माणसाला सरसकट रडका ठरवणे अन्यायाचे होईल. ज्याला फरक पडत नाही तो तुलना करत नाही. तो उठून जातो. हा उठत नाही. आणि गोकूच्या पोर होण्यावर इतका राग का, याचे उत्तरही त्याच्याजवळच आहे. जीटीमध्ये एक मूर्ख राजा चुकून वर मागतो आणि मोठा माणूस पुन्हा लहान होतो. या इसमाला असा एक वर मिळाला, तर तो चुकून नव्हे, नीट विचार करून हेच मागेल: सातवीची शाळा, सुटलेला गृहपाठ, आणि ऐन मारामारीत गेलेली लाइट. गोकूला ते फुकटात मिळाले, हे त्याला सोसत नाही.

तेव्हा त्याच्याशी वाद घालू नका, चहा पाजा. पहिल्याची सर न्हाई म्हणत दाइमाचे वीसच्या वीस भाग त्याने पाहिलेले आहेत.