अर्ध्या वाटेवरून परतणाऱ्या मूर्खाची थोरवी

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात आधी मूर्खाची लक्षणे सांगितली आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाची. मला आणखी एका मूर्खाची लक्षणे सांगायची आहेत. ती टाळण्यासाठी नाहीत, अंगी बाणवण्यासाठी आहेत. हा मूर्ख सायकल चालवतो. रोजचे अंतर वाढवायचे त्याने मनावर घेतले आहे आणि त्यासाठी तो जे जे करतो ते बघणाऱ्याला उफराटे वाटते. पायांत जोर असताना तो परत फिरतो. चढावर हलका गिअर टाकून मागे पडतो. भूक नसताना खातो. रस्ता मोकळा आणि हवा छान असताना घरी झोपून राहतो. सगळे सुरळीत चालले असताना एखादा आठवडा अंतर निम्म्यावर आणतो. लोक त्याला वेड्यात काढतात. माझ्या मते त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायला हवा.

पहिले लक्षण म्हणजे दम शिल्लक असताना माघारी फिरणे. रविवारी सकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर सायकलवाल्यांची जत्रा असते. तिथे पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ मी पाहिले. एक पाय रस्त्याच्या कडेला टेकवलेला, सायकल मांडीला टेकलेली. बाटलीतले दोन घोट पाणी प्यायले, अर्धे केळे खाल्ले, उरलेले अर्धे सालीसकट पाठीच्या खिशात ठेवले आणि हँडल शहराकडे वळवले. शेजारच्या घोळक्यातला पोरगा म्हणाला, ‘काका, एवढ्यात परत? चला की सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत.’

‘नाही रे, आज इथपर्यंतच.’

‘पाय तर ताजे दिसताहेत तुमचे!’

‘म्हणूनच चाललोय,’ काका म्हणाले आणि निघाले.

या उत्तरात शरीरशास्त्र आहे. सायकल सुरू केल्यावर शरीराचे सगळे भाग एका वेगाने तयार होत नाहीत. रक्तातल्या द्रवाचे प्रमाण पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच वाढू लागते, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागते आणि धाप लागणे कमी होते. स्नायूंना त्याहून अधिक वेळ लागतो. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडे यांचे काम तर महिन्यांच्या हिशोबाने चालते. म्हणजे दम सुधारतो आधी आणि गुडघा तयार होतो कितीतरी नंतर. महिन्या-दीड महिन्याने नव्या सायकलस्वाराला आपण आता कुठेही जाऊ शकतो असे वाटू लागते. छाती तसे खरेच सांगत असते, पण वाटीखालच्या कंडरेने अजून होकार दिलेला नसतो. या मधल्या काळात शहाणा माणूस छातीचे ऐकतो आणि दहाचे एकदम चाळीस किलोमीटर करतो. मूर्ख कंडरेच्या होकाराची वाट बघतो. दुसऱ्या महिन्यानंतर गॅलरीत धूळ खात उभ्या राहिलेल्या, टायरमधली हवा गेलेल्या इतक्या सायकली दिसतात, त्यामागे आळसापेक्षा हा मधला काळ अधिक असतो.

दुसरे लक्षण म्हणजे दुखण्याची जात ओळखणे. नव्याने अंतर वाढवले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या आणि पोटऱ्या भरून येतात, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. हा ठणका साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचतो आणि मग आपसूक ओसरतो. लॅक्टिक ॲसिड साचले म्हणून पाय दुखतात, असे अजूनही सर्रास सांगितले जाते. पण ते व्यायामानंतर तासाभराच्या आसपास रक्तातून बहुतांशी निघून जाते, मग परवाच्या दुखण्याचा दोष त्याला कसा देणार? स्नायूंच्या धाग्यांना झालेली सूक्ष्म इजा आणि तिच्या दुरुस्तीसाठी येणारी सूज हे या ठणक्याचे कारण मानले जाते. थिओडोर हाऊ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने स्नायूंच्या आत काहीतरी फाटत असावे असे १९०२ मध्येच मांडले होते. सायकलीत स्नायू बहुतेक वेळ आखडत काम करतो. डोंगर उतरताना किंवा धावताना तो ताणला जात असताना भार पेलतो, तसे इथे फारसे होत नाही. त्यामुळे हा ठणका सायकलस्वाराला धावणाऱ्यापेक्षा कमी होतो. दोन्ही बाजूंना सारखा, पसरलेला, बोथट आणि हालचालीने सैल पडणारा ठणका असेल तर आपला मूर्ख खुशाल दुसऱ्या दिवशी वीस मिनिटे हलक्या गिअरवर पाय फिरवून येतो.

पण एकाच गुडघ्यात, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी टोचणारे, चालवताना वाढत जाणारे, सूज आणणारे किंवा रात्री झोपमोड करणारे दुखणे असेल, तर तो तिथेच थांबतो. वेदनाशामक गोळी घेऊन निघणे त्याला जमत नाही. गोळीने दुखणे दबते, पण त्याचे कारण जागच्या जागी राहते. शिवाय घामाने शरीरातले पाणी कमी झालेले असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. फार मोठ्या श्रमानंतर स्नायू प्रचंड दुखून लघवी चहाच्या रंगाची झाली, किंवा चालवताना छातीत दुखले, तर तो तडक डॉक्टर गाठतो. याला भित्रा म्हणणारे भेटतील. मी याला आपल्या शरीराची कदर असलेला माणूस म्हणतो.

तिसरे लक्षण म्हणजे हजारोंची सायकल घ्यायच्या आधी एका पान्यावर तासभर घालवणे. अनेकांचे गुडघे नुसत्या अंतराने नव्हे, तर सीटच्या चुकीच्या उंचीनेही दुखतात. भिंतीला हात टेकून सायकलवर बसायचे, पायडल तळाशी आणायचे आणि त्यावर टाच ठेवायची. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवडा पायडलवर आला की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूला दुखत असेल तर वर. चालवताना कंबर डावी-उजवीकडे डोलत असेल तरी सीट वर आहे. ॲलन कीने बोल्ट सैल करायचा, एका वेळी चार-पाच मिलिमीटरच सरकवायचे, नळीवर चिकटपट्टीची खूण करायची आणि दोन-तीन फेऱ्या मारून मगच पुन्हा हात लावायचा. इतक्या बारीक फरकाने पुढची कित्येक वर्षे गुडघे वाचतात, म्हणून ही चिकटपट्टी मला कार्बनच्या चाकांपेक्षा मोलाची वाटते.

बैठकीचेही तसेच. सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस बुडाची हाडे दुखणारच, पुढे ती सरावतात. यावर जेलचे जाडजूड कव्हर चढवणे हा शहाण्यांचा आवडता उपाय. लांबच्या अंतरात हाडे त्या मऊ गादीत रुततात आणि भार नाजूक भागावर जातो. आपला मूर्ख हाडांना नीट आधार देणारी, जराशी कडक सीट निवडतो. पॅडची चड्डी आतून दुसरे काही न घालता वापरतो, कारण आतल्या कपड्याची शिवणच कातडी सोलते. आणि ती चड्डी प्रत्येक फेरीनंतर धुतो. मुंग्या येणे किंवा बधिरपणा मात्र सरावाने जात नाही. करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होत असेल तर तळव्यातली नस दबते आहे, हँडलवरची पकड बदलत राहायला हवी. बुडाखाली बधिरपणा येत असेल तर सीटच बदलायला हवी.

चौथे लक्षण म्हणजे चढावर मागे राहणे. मिनिटाला ८० फेरे धरले तर तासाभरात प्रत्येक गुडघा ४८०० वेळा वाकतो. त्याच वेगाने जाताना जड गिअर टाकला तर फेरे कमी होतात, पण प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर पडणारा जोर वाढतो. मिनिटाला ८०-९० फेऱ्यांत पाय हलके फिरवणारा माणूस दिवे घाटात सगळ्यांच्या मागे राहील, पण दुसऱ्या दिवशी कामावर नीट चालत जाईल. खाण्याचेही तसेच. तासाभराहून मोठी फेरी असेल तर तो दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे बघतो. एका मध्यम केळ्यात ती साधारण २५ ग्रॅम असतात. राजगिऱ्याचा लाडू, खजूर, गूळपोळीचा तुकडा यांतले काहीही चालते, फक्त भूक लागायच्या आधी. भूक जाणवते तोवर पाय रिकामे झालेले असतात.

पाचवे आणि सर्वांत निंदिले जाणारे लक्षण म्हणजे सुट्टी घेणे. स्नायू सायकलवर बळकट होत नाहीत. तिथे ते झिजतात, बळकट होतात ते नंतर, अंथरुणात. स्नायूंतला साखरेचा साठा पुरता संपला असेल तर तो भरून यायला नीट जेवूनही दिवसभर लागतो. एक पूर्ण सुट्टीचा दिवस, पुरेशी झोप आणि जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी अशी प्रथिने, एवढे असले की बाकीचे उपचार दुय्यम ठरतात. व्यायामानंतर स्नायू ताणल्याने ठणका फारसा कमी होत नाही, असे अभ्यासांच्या आढाव्यांत दिसून आले आहे. हलक्या हाताने मालिश केल्यावर बरे वाटते, ती जरूर करावी.

विश्रांतीला कमीपणा मानणाऱ्यांनी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीची वाट आठवावी. पालखी आळंदीहून पुण्यात येते आणि तिथे मुक्काम करते. मग वाटचालीतला सर्वांत मोठा टप्पा, दिवे घाट चढून सासवड, आणि सासवडला पुन्हा मुक्काम. घाटाच्या आधी विश्रांती, घाटानंतर विश्रांती. साठी-सत्तरीची माणसे साधारण २५० किलोमीटर चालून पंढरपूरला पोहोचतात, त्यात भक्तीचे बळ तर आहेच, पण ही आखणीही आहे.

सहावे लक्षण म्हणजे आकड्याचे गुलाम न होणे. आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढ नको, हा नियम सगळीकडे सांगितला जातो. नेदरलँड्समध्ये नवशिक्या धावपटूंवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या नियमाने बेताबेताने सराव वाढवणाऱ्यांना आणि नेहमीच्या पद्धतीने सराव करणाऱ्यांना दुखापती सारख्याच प्रमाणात झाल्या. म्हणून आपला मूर्ख दहा टक्क्यांचा अंदाज जवळ ठेवतो, पण निकाल शरीराकडून घेतो. दहा किलोमीटर एक दिवसाआड, असे दोन आठवडे. मग आठवड्यातली एकच फेरी थोडी लांब, बाकीच्या तशाच. तीन आठवडे वाढ, चौथ्यात उतार. सकाळी उठल्यावर पाय जड असतील, नाडी नेहमीपेक्षा जलद असेल किंवा उगाच चिडचिड होत असेल, तर वाढ पुढे ढकलायची. कागदावर ही गती कूर्मगतीच दिसते. पण वर्ष संपताना याच गतीने चालणारा माणूस सायकलवर असतो.

आणि या मूर्खांची परंपरा मोठी आहे. पहिली टूर द फ्रान्स १९०३ मध्ये झाली. साधारण २४०० किलोमीटर, टप्पे फक्त सहा, आणि एकेका टप्प्यानंतर विश्रांतीचे दिवस असे की स्पर्धा १९ दिवस चालली. ब्रेव्हे या लांब पल्ल्याच्या प्रकारात पायऱ्या नियमातच आहेत. आधी २०० किलोमीटर, मग ३००, ४००, ६००. दोनशेसाठी साडेतेरा तास मिळतात, म्हणजे चहा-नाश्ता धरून ताशी जेमतेम पंधराचा वेग. तिथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसच्या १२०० किलोमीटरना जायचे तर त्याच वर्षी या चारही पायऱ्या चढाव्या लागतात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत २०१७ मध्ये एकट्याने बारा दिवसांच्या आत संपवली. तिघेही डॉक्टर आहेत, शरीर किती देऊ शकते आणि त्याला काय परत द्यावे लागते हे जाणणारे.

म्हणून सायकलवाल्या ग्रुपांना माझे एक मनापासूनचे सांगणे आहे. रविवारची फेरी ठरवताना शेवटच्या ठिकाणाबरोबर परत फिरण्याची दोन ठिकाणेही जाहीर करा, एक दहा किलोमीटरवर, एक वीसवर. तिथून वळणाऱ्याला सोबत म्हणून एखाद्या जुन्या सायकलस्वाराने वळावे. फेरीचे फोटो टाकताना त्या दोघांचाही टाकावा. परत फिरणे लाजिरवाणे राहिले नाही, तर पुढच्या वर्षी तुमच्या ग्रुपात आजच्याहून जास्त माणसे असतील आणि त्यांतली बरीचशी शंभर किलोमीटर सहज जात असतील.