तळाची कैफियत

ज्या पांढुर्णा जिल्ह्याला समुद्र तर सोडाच, पण नाव चालावी अशी नदीही विधात्याने मंजूर केलेली नाही, आणि ज्याची जाम नदी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगाव या दोन पक्षांनी परस्परांवर गोटे फेकण्यासाठी राखून ठेवलेली आहे, त्या जिल्ह्यात पाण्याखाली फिरणारे दूरनियंत्रित यंत्र घरी बांधण्याची बुद्धी ज्याला होते, त्याच्या मस्तकाविषयी आप्तेष्टांनी चिंता वाहणे न्याय्यच होय. जामेत सोडायचे तर यंत्राला आधी शिरस्त्राण शिवावे लागेल, हे ध्यानी घेऊन मी प्रयोगभूमी म्हणून सौंसरजवळच्या मामांच्या संत्राबागेतील विहीर मुक्रर केली. आंबिया बहारासाठी झाडे ताणावर सोडलेली असल्याने मोटर बंद होती, पाणी मुबलक होते, आणि मामांना नकार देण्याचा सराव नव्हता.

सांगाडा पीव्हीसी नळ्यांचा, शक्ती फवारणी पंपाच्या 12 व्होल्ट बॅटरीची, आणि पंखे फिरवण्यास नावेतले पाणी उपसणाऱ्या पंपांच्या चिमुकल्या मोटरी. त्या देताना नागपूरच्या दुकानदाराने 'सौंसरात नाव कोणाची?' अशी जी पृच्छा केली, तिचा जबाब मी आजवर दिलेला नाही. बिनतारी लहरी पाण्यात शिरताच क्षीण होतात, सबब यंत्रामागे तार हवीच. आणि तार आली की गुंता आलाच. 1966 साली स्पेनमधील पालोमारेसच्या समुद्रात पडलेला हायड्रोजन बॉम्ब सुमारे 870 मीटर खोलीवरून काढताना अमेरिकी नौदलाचे 'कर्व्ह' हे यंत्र बॉम्बच्या हवाई छत्रीतच अडकले आणि उभयतांना एकत्र वर ओढावे लागले, हे वाचल्यापासून मामांच्या मोटरीचा दोर माझ्या स्वप्नात येऊ लागला.

खरा पेच पाणी आत न शिरू देण्याचा. दर 10 मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो, हे मी गावातल्या पंपदुरुस्तीच्या कारागिराला साग्रसंगीत समजावीत असता त्याने विडी विझवून एवढेच म्हटले, "पाणी अंदर घुसते म्हणता ना भाऊ, मंग आंधीच भरून ठेवा न!" शेतातल्या कितीतरी पाणबुडी मोटरी पाण्याने भरलेल्याच असतात, आणि खोल समुद्रातल्या यंत्रांच्या मोटरीत याच न्यायाने तेल भरतात, आतबाहेर दाब समान झाल्यावर शिरणार कोण आणि कशाला? चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचे 'रोसब 6000' हे यंत्र 2010 साली हिंदी महासागरात 5289 मीटरपर्यंत उतरले. हा पंडित तितक्याच सहजतेने तिथेही सल्ला देता, अशी माझी खात्री आहे.

यंत्राची वार्ता फैलावताच विहिरीच्या तळच्या मालमत्तेला वारस फुटू लागले. एका घरची पितळी घागर, दुसऱ्या घरच्या आजीची ठुशी, आणि कोण्या पूर्वजाने म्हणे भोसल्यांच्या अमदानीत दडवलेला मोहरांचा हंडा! मामांनी संत्र्याच्या हिशेबाच्या वहीत प्रत्येकाची कैफियत लिहून घेतली आणि खाली सह्या, तसेच जरूर तेथे अंगठे घेतले.

यंत्र उतरले. पंख्यांनी गाळ असा ढवळला की पडद्यावर ताकाखेरीज काही दिसेना; मग एक बेडूक आला, भिंगाचे बारकाईने निरीक्षण करून गेला; आणि गाळ बसल्यावर दिव्याच्या उजेडात काहीतरी पिवळे चमकले. यंत्राला हात नसल्याने त्याची योग्यता केवळ साक्षीदाराची, त्यामुळे ती वस्तू घागर, ठुशी व हंडा हे तीनही एकाच वेळी राहू शकली, आणि काठावर तिच्या वाटणीचा खल दिवेलागणीपर्यंत चालला. "मोटर चालू करा, विहीर उपसा, दिसंल काय ते," असे कारागीर म्हणाला मात्र, तोवर परस्परांचे तोंड न पाहणाऱ्या वारसांत तत्काळ एकमत झाले की इतके पाणी बागेत सोडल्यास झाडांचा ताण मोडेल आणि मामांचा बहार बुडेल. त्यांची ही कृषिनिष्ठा पाहून मामा सद्गदित झाले. रात्री हंड्याचे वारस मला एकांतात भेटले आणि यंत्र उद्या पुन्हा जरूर सोडावे, फक्त दिवा किंचित मंद ठेवावा, असा तोंडी अर्ज करून गेले.